दोन इंच

रविवार, सकाळचे सात.
पाथर्डी फाट्यावर थंडी अशी
की पान्याला हात लावण्याआधी
तळवा मांडीवर घासून घ्यावा.
रो-हाऊसच्या दारात जिप्सी,
घरंगळू नये म्हणून तिच्या चाकाखाली
आईचा वरवंटा.

"पाटे काढायचे आधी," घुगे काका म्हणाले.
आई दारातून :
"वरवंटा गेलाच, आता पाटाही?"
"कमानीचे पाटे, वहिनी. गाडीचे."
मग तिनं चहा टाकला.

घुगे काका, ओझरच्या कारखान्यात
एकतीस वर्षं विमानांचे बोल्ट आवळलेले.
प्लास्टिकची खुर्ची, मफलर,
आणि टॉवेलात गुंडाळून आणलेला टॉर्क रेंच,
तान्हं आणावं तसा.
स्वतः वाकत नाहीत आता.
मी गाडीखाली, ते वरून ऐकतात.
"थांब. चढला आटा. उलटा फिरव."
न बघता कळतं त्यांना.

यू-बोल्टचे नट गंजून एकजीव झालेले.
रॉकेल, हातोडी, पान्यावर चढवलेला पाइप,
मग माझं बासष्ट किलो वजन.
चौथा सुटला तेव्हा
शेजारच्या आहेरांचं कुत्रं भुंकलं,
आणि चासीवरचा एक पापुद्रा डोळ्यात पडला :
पांढरा, खाली हिरवा.

देवळालीच्या लिलावातली गाडी.
चौदा वर्षं कुणा साहेबाला नेलं-आणलं हिनं.
जुने पाटे फरशीवर शेजारी शेजारी ठेवले
तर उजवा जास्त सपाट.
"ड्रायव्हर," काका म्हणाले.
"साहेब उतरून जायचे. हा बसून राहायचा."

"दोन इंचांसाठी एवढं?"
आईनं कप ठेवताना विचारलं.
तिला कसं सांगू,
हरसूलच्या पुढं, ओहोळ ओलांडताना
पोटाखाली जो आवाज झाला,
तो माझ्या दातांत झाला.
उतरून पालथी पडून पाहिलं :
डिफरन्शियल आणि दगड यांच्या मधे
करंगळी जाईना.
तासभर उकरत होते, एकटी, चमच्यानं.
डब्यातला चमचा.
दगड काही खाली बसणार नव्हता.

नवे पाटे चढले तोवर दुपार टळलेली.
पांडवलेणीच्या डोंगराची सावली
अजून लांब होती, पण निघालेली.
मी शॅकलचे बोल्ट आवळायला घेतले
तर काका खुर्चीतून उठलेच :
"आत्ता नाही! अधांतरी आवळलेलं बुश
जन्मभर पिळलेलं राहतं.
आधी तिला उतरव.
तिच्या स्वतःच्या वजनावर उभी राहू दे.
मग घट्ट कर."

जॅक सोडला. हळू. आणखी हळू.
चाकं टेकली, पाटे कण्हले,
गाडी बसली, म्हणजे
उभी राहिली.
टॉर्क रेंचचा कट्ट आवाज,
चारदा, आठदा,
दर वेळी काकांची मान हलायची
जणू कुणी बरोबर उत्तर दिलं.

टेप लावला. डावीकडे दोन इंच.
उजवीकडे पावणेदोन.
पुन्हा लावला. पावणेदोनच.
पाटे नवे, बुश नवे, तरी.
काकांनी चासीवरून बोट फिरवलं.
"पाट्यांत नव्हतंच सगळं," म्हणाले.
"जरासं हिच्यात उतरलंय.
राहू दे."

मी राहू दिलं.
काकांना डावीकडे बसवायचं ठरलं, तोलासाठी,
पण पाय पोचेना.
आईनं देवघरातला पाट आणला,
काका त्यावरून चढले, मफलर सावरत,
शेहेचाळीस किलोंचे.
तोल काही फिटला नाही.

पहिला गिअर. वरवंटा काढायला विसरलेले,
तो काढला.
फाटकाकडे निघालो तशी
अंगणातली कपड्यांची तार, आजवर जी
टपावरून सुखरूप जायची,
ताडपत्रीवर करकरत गेली
आणि चिमट्यांचा पाऊस पडला.
"तारही दोन इंच वर घ्यावी लागेल,"
काका आतूनच म्हणाले.
"मग माझा हात कसा पोचेल?" आई.

पाट तिच्या पायाशीच होता.
तिनं त्याच्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
आणि चिमटे वेचायला वाकली.